फोन, फॉरवर्ड आणि घरचे ग्रुप: सोशल मीडियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोशल मीडियाबद्दल वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी स्वतःच्या वापराचे, मग घरच्या ग्रुपचे, पुढे मुले, कायदा आणि अडचणीचे प्रसंग. एकच उत्तर दोनदा येऊ नये म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सेटिंगची नावे ॲपच्या इंग्रजी मांडणीतली आहेत. फोन मराठीत असेल तर त्याच जागी मराठी नाव दिसेल.

१. माझा फोन दिवसाला पाच तास दाखवतो. हे व्यसन म्हणायचे का?

नुसत्या तासांवरून काही ठरत नाही. त्या पाच तासांत नकाशा, यूपीआय, ऑफिसचे कॉल आणि आईशी व्हिडिओवर बोलणे हे सगळे असते. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ उघडा आणि एकूण बेरीज सोडून दोन आकडे बघा: प्रत्येक ॲपला गेलेला वेळ आणि फोन दिवसातून किती वेळा उघडला. दुसरा आकडा जास्त बोलका असतो. दीडशे वेळा फोन उघडला असेल, तर बहुतेक वेळा काही काम नव्हते, हात आपोआप गेला होता.

खरी चिन्हे चार: झोप मागे पडते, हातातले काम अर्धवट राहते, फोन बाजूला ठेवला की चिडचिड होते आणि वापर घरच्यांपासून लपवावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाच्या व्यसनाचे वेगळे निदान नाही. पण यादीत नाव नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. चारपैकी दोन गोष्टी आठवडेच्या आठवडे होत असतील तर प्रश्न १५ वाचा.

२. थांबायचे ठरवूनही रील बघणे थांबत नाही. माझ्यातच इच्छाशक्ती कमी आहे का?

नाही, आणि हा दोष स्वतःच्या माथी घेणे आधी सोडा. थांबायची जागाच या ॲपमधून काढून टाकलेली आहे. पूर्वी वेबपान संपायचे, ‘पुढचे पान’ दाबावे लागायचे आणि तेवढ्या क्षणात माणूस उठायचा. २००६ च्या सुमारास डिझायनर आझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात आणखी एक भर: पुढची रील चांगली निघेल की टाकाऊ, हे आधी कळत नाही. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरीच मिळणारे बक्षीस माणसाला जास्त घट्ट धरून ठेवते.

आपल्याकडे हे फार वेगाने आले. २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणीही आधी भारतातच घेतली. बंदी एका ॲपवर आली, पण सवयीला बसायला लगेच दुसरी जागा मिळाली. म्हणून थांबायची जागा आपल्यालाच तयार करावी लागते. ती कशी, ते पुढच्या प्रश्नात.

३. नेमके काय बदलू? एका संध्याकाळी उरकेल असे सांगा.

आधी नोटिफिकेशन. नियम एकच ठेवा: माणसाने मुद्दाम तुम्हाला पाठवलेले येऊ द्या, ॲपने स्वतःहून पाठवलेले बंद करा. म्हणजे कॉल आणि थेट मेसेज चालू. ‘अमक्याने बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला’, ‘तुमच्यासाठी सुचवलेले’ वगैरे सगळे बंद.

मग यूट्यूब. तिथे पाहिल्याचा इतिहास म्हणजे ‘वॉच हिस्टरी’ बंद करून जुना पुसून टाका. यूट्यूबचे होम पान जवळपास रिकामे होते आणि हवा तो व्हिडिओ शोधूनच बघावा लागतो. स्वयंपाकाचे, शेतीचे, अभ्यासाचे व्हिडिओ बघणाऱ्यांना हा एकच बदल पुरतो. ‘ऑटोप्ले’ही बंद करा. इन्स्टाग्राममधून रील काढून टाकायची सोय नाही. म्हणून ते ॲप पहिल्या स्क्रीनवरून हलवा आणि दर वेळी लॉग आउट करा. पासवर्ड टाकायचा कंटाळा इथे आपल्याच उपयोगी पडतो.

शेवटचे आणि सर्वात महत्त्वाचे: चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि गजराचे साधे घड्याळ आणा. ‘गजरासाठी लागतो’ म्हणून उशाशी आलेला फोन रात्री बारापर्यंत हातात राहतो.

फसते ते साधारण तीन ठिकाणी. टायमर लावला तरी वेळ संपल्यावर एका बोटाने वाढवता येतो. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्या माणसाला टाकायला सांगा. ॲप काढले तरी ब्राउझरमधून तेच सुरू होते. तिथूनही लॉग आउट करा. आणि ॲप पुन्हा टाकले की ते नोटिफिकेशनची परवानगी नव्याने मागते, तेव्हा सवयीने ‘अलाउ’ दाबले जाते.

४. फोन काळा-पांढरा करण्याचा उपयोग होतो का?

थोडा होतो, मुख्यतः फोटो आणि रीलसाठी. मजकूर वाचणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. अँड्रॉइडच्या ‘बेडटाइम मोड’मध्ये ठरावीक वेळेला आपोआप रंग जाण्याची सोय आहे. दिवसभर ठेवू नका. एखादा फोटो रंगात बघायचा म्हणून ते बंद केले जाते आणि मग तसेच राहते.

५. एकवीस दिवसांत सवय बदलते म्हणतात. माझी का बदलली नाही?

कारण एकवीस दिवसांना आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर अंदाजाने कोणाला २५४. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. त्यामुळे रविवारी घसरलात तर सोमवारपासून मोजणी शून्यावर आणू नका.

तो अभ्यास नवी सवय लावण्याचा होता, जुनी मोडण्याचा नव्हता. म्हणून मोकळ्या झालेल्या वेळेत काय करायचे ते आधी ठरवा: जेवणानंतर फेरी, लोकलमध्ये पुस्तक किंवा कानात बातम्या. जागा रिकामी ठेवली की फोन परत येतो.

६. अकाउंट सरळ बंद केले तर खरेच बरे वाटते?

थोडे. अमेरिकेत २०१८ च्या मध्यावधी निवडणुकांआधी अर्थतज्ज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. रोजचा साधारण तासभर मोकळा झाला, मनःस्थिती किंचित सुधारली, राजकीय कडवेपणा कमी झाला. मात्र ताज्या बातम्यांची माहितीही कमी झाली. प्रयोग संपल्यावरही अनेकांनी आधीपेक्षा कमी वापर केला. चमत्कार होत नाही, पण फरक पडतो, असे यातून घ्यावे.

‘डीॲक्टिव्हेट’ म्हणजे तात्पुरते झाकणे आणि ‘डिलीट’ म्हणजे कायमचे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम डिलीट केल्यावर ३० दिवसांची मुदत असते. त्या काळात लॉग इन करून विनंती मागे घेता येते. डिलीट करण्याआधी ‘डाउनलोड युअर इन्फर्मेशन’मधून फोटो उतरवून घ्या. दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये ‘फेसबुकने लॉग इन’ केले असेल तर तिथे ईमेल आणि पासवर्ड लावा, नाहीतर ते खातेही हातचे जाते. फेसबुकवरून ऑर्डर घेणाऱ्यांनी आधी प्रश्न १४ बघावा.

७. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दिवसाला दोनशे मेसेज येतात. बाहेर पडले तर काकू नाराज होतील. काय करू?

बाहेर पडायची गरज नाही. ग्रुप ‘म्यूट’ करून ‘ऑल्वेज’ निवडा आणि मग ‘अर्काइव्ह’ करा. सेटिंग्ज, चॅट्स, ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू असेल तर नवा मेसेज आला तरी ग्रुप वर उसळत नाही. तुमचे नाव घेऊन कोणी हाक मारली किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिले तर सूचना येऊ शकते, आणि तेवढी यावीच. दिवसातून एकदा, समजा रात्री जेवल्यावर, पाच मिनिटे ग्रुप चाळा आणि वाढदिवस, आजारपण, बारसे यांना स्वतःच्या शब्दांत उत्तर द्या. नात्यात लोक तेवढेच बघतात.

बाहेर पडायचेच असेल तर आता सगळ्यांना जाहीर सूचना जात नाही, फक्त ॲडमिनला कळते. मात्र गेलेल्या सदस्यांची यादी ६० दिवस ग्रुपमध्ये बघता येते. आधी ॲडमिन असलेल्या मामांना फोन करून सांगितलेले बरे. परदेशी राहणाऱ्यांना हा ग्रुप मध्यरात्री वाजतो, म्हणून त्यांनी तर म्यूट केलाच पाहिजे. यात कोणाचा अपमान नाही.

८. बाबांचा फोन ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी भरून बंद पडतो.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’खालचे तिन्ही पर्याय उघडून सगळ्या खुणा काढा. चित्र धूसर दिसेल, हवे तेच दाबून उतरेल. मग ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये ‘५ एमबीपेक्षा मोठ्या’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड झालेल्या’ फाइल वेगळ्या काढून दिलेल्या असतात. सफाई तिथून सुरू करा. पुसण्याआधी बाबांना शेजारी बसवा. नातवाचा व्हिडिओही मोठ्या फाइलमध्येच असतो.

एक विनंती: सकाळच्या त्या चित्राची थट्टा करू नका. एकट्या राहणाऱ्या आजोबांचे ‘सुप्रभात’ म्हणजे ‘मी उठलो, ठीक आहे’ हा निरोप असतो. तो एक दिवस आला नाही म्हणून शेजाऱ्यांना फोन करणारी मुले आहेत.

९. ब्लू टिक बंद केल्या, तरी ग्रुपमध्ये मी वाचल्याचे कळते. का?

‘रीड रिसीट्स’ बंद केल्याचा परिणाम फक्त एकेकट्याच्या चॅटवर होतो. ग्रुपमध्ये आणि आवाजी मेसेज ऐकल्यावर ते दिसतेच. शिवाय तुम्ही बंद केल्या की तुम्हालाही दुसऱ्याच्या दिसत नाहीत.

१०. काका ग्रुपवर खोटी माहिती टाकतात. सगळ्यांसमोर चूक दाखवावी का?

आधी तपासा. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आला आहे. लिहिणारे काका नाहीत, हे लक्षात ठेवा. मजकुरात तारीख, गाव, पोलीस ठाणे आहे का बघा. ‘काल रात्री आपल्या भागात’ एवढेच असेल तर तो मेसेज कुठल्याही गावात खपतो. व्हिडिओ असेल तर तो थांबवून ठळक दृश्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. जुना किंवा परदेशी व्हिडिओ बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचा दावा सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाच्या ‘पीआयबी फॅक्ट चेक’वर शोधा.

मग काकांना खासगीत लिहा किंवा फोन करा: “काका, सकाळचा तो व्हिडिओ मी शोधून बघितला, तो आपल्याकडचा नाही, जुना आहे. लिंक पाठवते. तुम्हीच काढून टाकलात तर बरे होईल.” स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवसांची मुदत असते, म्हणून हे त्याच दिवशी करा. काकांनी स्वतः काढला तर पुढच्या वेळी ते टाकण्याआधी तुम्हाला विचारतील. चारचौघांत पाडले तर तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकतील. अपवाद एकच: मेसेजमुळे कोणाच्या जिवाला धोका असेल तर मान राखत बसू नका, ग्रुपवरच ताबडतोब ‘हे खोटे आहे’ लिहा आणि ॲडमिनला पुसायला सांगा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

११. एका फॉरवर्डने असे काय मोठे होते?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून पोटापाण्यासाठी फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. मुले पळवणारे फिरत आहेत, ही अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होती. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होता. मूल उचलून नेणारा दुचाकीस्वार शेवटी मूल परत आणून देतो आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतो. तो शेवटच कापलेला होता.

पाठवणाऱ्या बहुतेकांना वाटत होते की आपण लोकांना सावध करतो आहोत. काळजीपोटी केलेल्या फॉरवर्डची भीती म्हणूनच जास्त असते: तो विश्वासाच्या माणसाकडून येतो आणि वाचणारा शंका घेत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्याने वेग कमी झाला, पण कॉपी करून चिकटवलेल्या मजकुराला ही खूण लागत नाही, हे विसरू नका. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग प्रसिद्ध केला, खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि या फरकाचे कारण यंत्रे नव्हती, माणसे होती.

१२. ग्रुपवर दुसऱ्याने काही भडक टाकले तर ॲडमिन म्हणून माझ्यावर गुन्हा होतो का?

केवळ ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ॲडमिनने स्वतः तो मजकूर पुढे पाठवला किंवा कटात भाग घेतला, तर गोष्ट वेगळी.

अनेकांच्या मनात अजून माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा देणाऱ्या कलम ६६अ ची भीती असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून आणि ते ‘लाइक’ केल्यावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातून देशभर वाद उठला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झाले. मात्र भारतीय न्याय संहितेतली समाजांत तेढ वाढवण्याबद्दलची (१९६) आणि अफवा पसरवण्याबद्दलची (३५३) कलमे लागू आहेत आणि ती फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागू शकतात. ‘आल्या तशा पाठवल्या’ लिहिल्याने सुटका होत नाही.

ॲडमिनने दोन सोयी वापराव्यात: कोणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसण्याची आणि तणावाच्या दिवसांत ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही.

१३. मुलांना कितव्या वर्षी अकाउंट द्यावे? शाळेचा अभ्यासही ग्रुपवरच येतो.

इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप यांचे किमान वय १३ आहे. इन्स्टाग्रामवर १८ खालच्यांना ‘टीन अकाउंट’ मिळते: खाते खासगी, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, आणि १६ खालच्यांना ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते. हे सगळे जन्मतारखेवर चालते. घाईत मोठ्या माणसाची तारीख टाकून काढून दिलेल्या खात्यात यातले काहीच नसते. असे खाते असेल तर तारीख दुरुस्त करा किंवा खाते नव्याने काढा.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी: तिथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब वगैरेंवर खाते ठेवता येत नाही. दंड कंपनीला आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. व्हॉट्सॲप त्या यादीत नाही.

अभ्यासासाठी ग्रुपमध्ये पालकाचा नंबर द्या आणि व्हॉट्सॲप घरच्या संगणकाला ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून जोडा. मुलाने संध्याकाळी एकदा अभ्यास वहीत उतरवून घ्यावा. फोन हातात दिला की गणिताच्या फोटोपासून रीलपर्यंत एकाच बोटाचे अंतर असते.

घराने एकट्याने नियम केला की मूल म्हणते, ‘बाकी सगळे बघतात.’ सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर गावाचा उपाय काढला: संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. शहरात एका इमारतीतल्या चार-पाच घरांनीही हे करता येते. मोठ्यांचे फोनही त्या वेळेत बंद असले पाहिजेत, नाहीतर ते आठवडाभरही टिकत नाही.

१४. माझा फराळाचा व्यवसाय व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवरच चालतो. मी कमी कसे करू?

दुसरा नंबर घेऊन ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ वेगळे करा. त्यात कामाची वेळ टाका आणि ‘अवे मेसेज’ लावा: “ऑर्डर सकाळी १० ते संध्याकाळी ७ घेतल्या जातात.” गिऱ्हाईक तुटत नाही, उत्तर कधी येणार हे कळले की ते थांबते. पोस्ट आठवड्यातून एकदा बसून संगणकावर ‘मेटा बिझनेस सूट’मधून वेळ लावून ठेवा. पोस्ट टाकायला म्हणून ॲप उघडले की वेळ इतरांचे बघण्यात जातो. संगणकावर तो मोह कमी.

१५. कोणी खासगी किंवा बनावट फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, किंवा मन फार खचले असेल तर कुठे जायचे?

धमकी असेल तर पैसे देऊ नका. दिल्यावर मागणी वाढते. चॅट पुसू नका. समोरच्याचे प्रोफाइल, लिंक, नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करा. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० ला आणि बँकेला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. ‘स्टॉपएनसीआयआय’ या सेवेत फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून तो अडवला जातो. ती १८ वर्षांवरील लोकांसाठी आहे. त्याखालच्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे. घरच्यांनी त्या वेळी मुलीला ‘फोटो काढलाच का’ विचारू नये. गुन्हा धमकी देणाऱ्याचा आहे.

मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते. तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ‘शट’ हे खास केंद्र २०१४ पासून चालते.

१६. घरातली व्यक्ती गेली. तिच्या अकाउंटचे काय करायचे?

घाईने सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी आणि व्हॉट्सॲप त्याच नंबरवर असते. कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवा. व्हॉट्सॲपचे खाते साधारण १२० दिवस न वापरल्यास जाते, म्हणून हवे ते संवाद ‘एक्स्पोर्ट चॅट’ने आधीच काढून घ्या. नंबर सोडला तर तो पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्याआधी तो सगळ्या घरगुती ग्रुपमधून काढा, नाहीतर अनोळखी माणूस ग्रुपमध्ये दिसू लागतो.

फेसबुकवर मृत्यूचा दाखला जोडून दोन विनंत्या करता येतात: खाते कायमचे काढा, किंवा स्मृतिखाते करा. स्मृतिखात्यात नावाआधी ‘रिमेम्बरिंग’ येते आणि कोणालाही त्यात लॉग इन करता येत नाही. व्यक्तीने हयातीत ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमला असेल तर तो प्रोफाइलचा फोटो बदलू शकतो, मैत्रीच्या विनंत्या स्वीकारू शकतो; खासगी मेसेज मात्र त्यालाही वाचता येत नाहीत.